भीतीला तोंड: तगरचा बाजार, तिमिंगिल आणि समुद्री राक्षसांचे सिनेमे

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला थांबवून विचारलं, "इथं तेरणेला पाणी टिकंना, आन् तुम्ही समुद्रातला राक्षस कुठून आणताय?" प्रश्न रास्त आहे. नकाशावर तेरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरहून जास्त भरतो. आपल्या भागातल्या पुष्कळ माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पडद्यावर, आणि पडद्यावरच्या त्या समुद्रात बहुतेक वेळा काहीतरी दबा धरून बसलेलं होतं. मोठा शार्क, नाहीतर अष्टपाद, नाहीतर ज्याला नावच नाही असं काहीतरी. असले सिनेमे माणसं पुन्हा पुन्हा का बघतात, याचा विचार आम्ही इतिहासाच्या अंगाने करणार आहोत. त्यासाठी तेरसारखी दुसरी जागा नाही, असं आमचं मत आहे. का, ते सांगतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक माणसाने एक लहानशी पुस्तिका लिहिली. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. पुस्तिकेला आपण ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ म्हणतो. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, गलबत कुठे सांभाळून न्यायचं, याची ती वही आहे. व्यापाऱ्याची वही, शोभेचं एक वाक्य नाही. त्यात लिहिलंय की बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं नगर. पैठणहून अकीकासारखे खडे येतात, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. किनाऱ्याकडच्या मुलखातून तगरला आलेला मालही तिथूनच पुढे जातो. आणि हे सगळं बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या लांबच लांब प्रदेशांतून भडोचला पोचतं.

हे तगर कोणतं, यावर बराच काळ वाद होता. निरनिराळ्या विद्वानांनी निरनिराळी गावं पुढे केली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच, असं मांडलं आणि ते टिकलं. ही गोष्ट इथल्या शाळेतलं पोरही सांगेल, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेईला १९३८ साली सापडलेली तशीच मूर्ती, यांच्याबद्दलही या मालेत यापूर्वी बोलून झालेलं असणार. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे त्याच्या आधी कोणीतरी अशी नाजूक वस्तू समुद्रापार नेली, आणि ती सुखरूप पोचली.

आता त्याच पुस्तिकेतली दुसरी गोष्ट ऐका, जिच्याकडे तेरचे लोक सहसा लक्ष देत नाहीत. सिंधूच्या मुखाजवळ आल्याची खूण लेखक काय देतो? समुद्राच्या तळातून साप वर येऊन तुम्हाला सामोरे येतात. पुढे कच्छच्या आखाताकडे हे साप फार मोठे आणि काळे. आणि भडोचकडे यावं तर ते लहान होतात, रंगाने हिरवेगार, सोनेरी झाक असलेले. विषारी समुद्री साप या किनाऱ्यावर आजही आहेत, तेव्हा ही भाकडकथा नव्हे. पण सांगण्याची तऱ्हा बघा. पाण्यातून सळसळत वर येणारे साप, आणि हा माणूस त्यांचा रंग टिपून ठेवतो! एसटीने जाताना आपण मैलाचे दगड बघतो तसे तो साप बघतो. काळे दिसले, अजून वेळ आहे. हिरवे दिसले, भडोच आलं.

मग त्याला भीती कशाची वाटते? तेही त्याने लिहून ठेवलंय. नर्मदेचं मुख सापडायला कठीण, कारण किनारा सखल. मुखाशी वाळूचे दांडे. म्हणून राजाच्या चाकरीतले तिथले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि गलबतं ओढून, भरती-ओहोटीचे टप्पे सांभाळून, आत आणतात. अमावस्येच्या सुमाराची भरती तर अशी, की लांबून सैन्याचा गलका ऐकू यावा तसा आवाज येतो आणि पाठोपाठ पाणी दांड्यांवरून धडकतं. लहान होड्या उलटतात, रुतलेली गलबतं कुशीवर पडतात. राक्षस कुठेही नाही. आहे ती वाळू, पाणी आणि वेळेचं गणित.

आता आपण तगरच्या बाजारात येऊ. इथल्या कापडवाल्याने गाड्या भरून दिल्या. तीस दिवसांची वाट. भडोचला माल चढला असेल की नाही, वारा लागला असेल की नाही, मुलगा बरोबर गेलाय तो कधी परत येईल, याची काही खबर नाही. भांडवल अडकलेलं. त्याने समुद्र पाहिलेला नाही. वाळूचा दांडा कसा असतो हे त्याला कोणी सांगितलं तरी कळायचं नाही. अशा माणसाच्या रात्रीच्या विचारात समुद्र कसा येत असेल? त्याने काही लिहून ठेवलेलं नाही. इथून पुढचा तर्क आमचा. पण त्या काळच्या कथा आणि शिल्पं आपल्याजवळ आहेत, त्यांत समुद्राला जबडा आहे.

आपल्या जुन्या ग्रंथांत ‘तिमी’ हा प्रचंड मासा आहे. त्या तिमीला गिळतो तो ‘तिमिंगिल’. त्यावरही मन भरलं नाही, म्हणून तिमिंगिलालाही गिळणारा ‘तिमिंगिलगिल’. सिनेमावाल्यांना आपण हसतो, की पहिल्या भागात शार्क पंचवीस फुटी, पुढे कोणीतरी सत्तर-पंचाहत्तर फुटी काढतो आणि दुसऱ्या भागात त्याच्या जोडीला राक्षसी अष्टपाद आणतो. ‘जॉज’ १९७५ चा, ‘द मेग’ २०१८ चा, त्याचा दुसरा भाग २०२३ चा. ही चढती भाजणी संस्कृत व्याकरणाच्या आधाराने आपण कधीच करून ठेवली होती. नुसतं ‘गिल’ जोडत जायचं.

मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाचा कठडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातला. त्याच्यावर एका वर्तुळात हा मासा कोरलेला आहे. आ वासलेला जबडा, आणि त्यात निघालेली माणसांनी भरलेली होडी. शेजारी लेख आहे: वसुगुप्त नावाच्या माणसाला तिमितिमिंगिलाच्या पोटातून महादेवाने, म्हणजे इथे बुद्धाने, सोडवलं. भरहुतजवळ समुद्र नाही. तेरहूनही लांब आहे तो तिथून. म्हणजे देशाच्या मधोमध, जिथे खाऱ्या पाण्याचा थेंब नाही, तिथे हा जबडा कोरायला सांगणारे लोक होते आणि बघायला येणारेही होते.

मराठीत आपण म्हणतो, ‘संकटाला तोंड दिलं’. या शब्दांकडे जरा वाकड्या नजरेने बघा. वाळू, वारा, बुडालेलं कर्ज, न आलेली खबर: या भीतीला तोंडच नसतं. कुठे बघायचं तेच कळत नाही. मग माणूस आधी तिला तोंड देतो, अगदी दात-जिभेसकट, आणि मग तिला तोंड देतो. आमच्या मते समुद्री राक्षसाच्या सिनेमाची सगळी ओढ या दोन पायऱ्यांत आहे. पडद्यावर पहिला अर्धा तास पाणी नुसतं हलत असतं आणि आपण खुर्चीत आखडून बसतो. जबडा वर आला की ओरडतो. पण खरं सांगा, मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटतं. दिसलं एकदाचं! आता भाला मारता येईल.

यातला मारामारीचा भागही जुना आहे. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये अलेक्झांडरचा सेनापती निआर्कस सिंधूच्या मुखातून आरमार घेऊन इराणच्या आखाताकडे चालला होता. मकरानच्या किनाऱ्याला एके सकाळी समुद्रातून पाण्याचे उंच फवारे उडताना दिसले. वाटाड्यांना विचारलं, ते म्हणाले, देवमासे आहेत. ऐकताच वल्हेकऱ्यांच्या हातांतली वल्ही गळून पडली. निआर्कसने काय करावं? जहाजांना लढाईच्या रांगेत उभं केलं, तोंडं देवमाशांकडे वळवली, आणि सगळ्यांनी एकदम रणगर्जना करत, तुताऱ्या फुंकत, वल्ही आपटत चाल केली. मासे खोल बुडाले आणि मागच्या बाजूला वर येऊन फवारे सोडू लागले. खलाशांनी टाळ्या पिटून निआर्कसची वाहवा केली. एरियनच्या ‘इंडिका’त हे आहे. देवमाशांना या सगळ्याचं काय वाटलं असेल कोण जाणे. त्यांच्या दृष्टीने ती सकाळ फक्त फार गोंगाटाची होती. पण प्रसंग बघा: भीती, थिजलेली माणसं, एकाचं धैर्य, तुताऱ्या, चढाई, टाळ्या. हॉलिवूडने यात पुढे स्फोट तेवढा घातला.

आता किनाऱ्यावर, नालासोपाऱ्याला येऊ. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. तिथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा बौद्ध अवदानांत आहे आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती रंगवलेली आहे. पूर्ण भिक्षू होतो. त्याचा भाऊ इतर व्यापाऱ्यांबरोबर दूरच्या मुलखात चंदनाच्या वनाला जातो. मौल्यवान चंदन, कुऱ्हाडी चालू होतात. त्या वनाचा राखणदार यक्ष चिडतो आणि भयंकर वादळ उठवतो. व्यापारी पूर्णाचा धावा करतात, तो येतो आणि ते वाचतात.

हा सांधा नीट ध्यानात घ्या. वादळ उगाच उठलेलं नाही. कोणाच्या तरी हावेने ते उठवलंय. दुसरी एक कथा सुप्पारक जातकाची, भडोचच्या आंधळ्या तांडेलाची. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली. तरी सातशे व्यापारी हट्टाने त्यालाच घेऊन निघतात. वाटेत वस्तऱ्यासारख्या नाकांचे मासे उसळ्या मारणारा समुद्र लागतो. त्या समुद्रात हिरे आहेत हे तांडेलाला ठाऊक आहे. पण तो सांगत नाही! सांगितलं तर हे लोक इतके हिरे भरतील की जहाज बुडेल. तो गुपचूप जाळं टाकून बेताचे हिरे काढतो. पुढे समुद्र एकामागून एक भयंकर होत जातात आणि शेवटी येतं वडवामुख, जिथून कोणी परत येत नाही. नावातच ‘मुख’ आहे बघा. तिथून जहाज सुटतं ते तांडेलाच्या सत्यवचनाने. आंधळा माणूस समुद्र ओळखतो आणि डोळस व्यापारी ओळखत नाहीत, हे त्या कथाकाराने फार हुशारीने रचलं आहे. माशापेक्षा त्याला प्रवाशांची धास्ती आहे.

एवढं सांगून आता पडद्याकडे वळतो. आमच्या पिढीने असले सिनेमे पाहिले ते जत्रेतल्या तंबूत, नाहीतर व्हिडिओवर. १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि त्यानंतर इंग्रजी राक्षस हिंदी बोलू लागले. खेड्यातल्या माणसालाही ते कळू लागले. तसं पाहिलं तर राक्षसाला भाषा लागतच नाही, पण त्याच्यापुढे पळणाऱ्यांना लागते. हिंदीत स्वतःचा शार्क काढण्याचा प्रयत्नही झाला. धर्मेंद्र-हेमा मालिनींचा ‘आतंक’ १९९६ मध्ये लागला. चित्रपट इतका रेंगाळला होता की त्यातले विनोद मेहरा १९९० ला आणि अमजद खान १९९२ ला निवर्तले होते. त्या शार्ककडे बघून भीतीपेक्षा कणव जास्त वाटते. मराठीत तर असा सिनेमा आमच्या पाहण्यात नाही, आणि एवढा लांब किनारा असलेल्या राज्यात याचं थोडं नवल वाटतं.

‘जॉज’ मात्र आजही धरून ठेवतो. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. नाइलाजाने स्टीव्हन स्पीलबर्गने तो लपवला. पाण्यावर तरंगणारी पिवळी पिंपं आणि जॉन विल्यम्सच्या संगीतातले दोन सूर, एवढ्यावर काम भागवलं. शार्क पुरता दिसायला एक तास वीस मिनिटं लागतात. म्हणजे भीतीला तोंड द्यायची घाई केली नाही. पण त्याहून महत्त्वाचं पात्र आम्हाला वाटतं ते त्या गावच्या नगराध्यक्षाचं. एक मुलगी मेली आहे, पोलीसप्रमुख किनारा बंद करा म्हणतोय, आणि हा गृहस्थ म्हणतो, सुट्टीचा हंगाम आहे, धंदा बुडेल. किनारा उघडा राहतो. त्या गावात पुढे जी माणसं मरतात ती नुसत्या शार्कने मारलेली नाहीत. १९९८ चा ‘डीप रायझिंग’ बराच सवंग सिनेमा आहे, पण त्यातही विलासी जहाजाचा मालकच विम्याच्या पैशांसाठी ते बुडवायला निघालेला असतो, आणि खालून सोंडा वर येतात. चंदनवनातल्या कुऱ्हाडी पुन्हा ऐकू येतात.

जपानचा ‘गॉडझिला’ याच रांगेतला, फक्त त्याच्या पाठीमागे खरी राख आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जपानच्या एका मासेमारी बोटीवर ती किरणोत्सारी राख पडली. तेवीस खलाशी आजारी पडले आणि एक त्या वर्षीच सप्टेंबरात वारला. नोव्हेंबरात ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. त्याची सुरुवातच समुद्रात एका बोटीवर झळाळी पडून ती पेटण्याने होते. तिकिटाच्या रांगेतल्या माणसांना ती झळाळी कशाची, हे सांगावं लागलं नसणार.

आता आपल्या घरची गोष्ट. ती या व्याख्यानात आणावी की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं. या सभेत पन्नाशीच्या पुढचे जे आहेत, त्यांना आम्ही काय सांगणार? किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. हजारो माणसं गेली. त्यानंतर कित्येक महिने आपल्या भागातली माणसं घर असून अंगणात, शेतात झोपली. लहान पोरांना म्हाताऱ्या सांगायच्या की शेषाने फणा हलवला. आम्ही तेव्हा शहाण्यासारखे हसायचो. आज हसू येत नाही. खालून आलेल्या, तोंड नसलेल्या त्या गोष्टीला त्या बायांनी एक फणा दिला, आणि त्या आधारावर पोरं झोपली. हे काम थोडं नाही.

पण इतिहास सांगणाऱ्याने तिथे थांबून चालत नाही. मारलं कोणी? जाड दगडी भिंतींनी, ज्या मातीत रचल्या होत्या. आणि माळवदांनी, ज्यांच्यावर दर पावसाळ्याआधी मातीचा थर चढत गेला होता. ऊन-थंडीपासून राखण करणारं तेच घर. आणि त्या आधीच्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किल्लारीच्या परिसरात एकामागून एक धक्के जाणवले होते. जमिनीने आधी खुणा दिल्या होत्या. पेरिप्लसच्या लेखकाला हिरवे आणि काळे साप वेगळे ओळखता येत होते.

म्हणून असल्या सिनेमांत बरा कोणता, वाईट कोणता हे ठरवायला आमच्याजवळ एक साधी कसोटी आहे. राक्षस बघता बघता भिंतही दिसते का? नगराध्यक्ष दिसतो का, कुऱ्हाड दिसते का? ‘जॉज’मध्ये दिसते. ‘द मेग’मध्ये अब्जाधीशाच्या पैशांतून थोडी दिसते, पण तिकडे फारसं कोणाचं लक्ष जाऊ नये अशी सोय केलेली आहे. नुसता जबडाच दाखवणारे सिनेमेही आम्ही आवडीने बघतो, ते नाकारत नाही. वडापाव खात बघायला त्यांच्यासारखं काही नाही. फक्त बाहेर आल्यावर त्यांचं काही उरत नाही. पाण्यात उतरतानाही आठवत नाहीत.

तेरच्या मातीतून निघालेल्या वस्तूंत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत. हे शंख समुद्रातून आलेले. मूर्तीपुढे गर्दी होते आणि या तुकड्यांपुढे कोणी थांबत नाही. समुद्र कधी न पाहिलेल्या कुठल्यातरी बाईच्या हातात तो समुद्र होता. तो शंख काढायला ज्याने पाण्यात बुडी मारली, त्याला खाली काय दिसलं असेल आणि तिने काय कल्पिलं असेल, यांत किती अंतर असेल, एवढाच आमचा विषय होता.

शेवटी श्रोत्यांतल्या एका मुलाने चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचून दाखवतो: "शार्क तेरणेत येऊ शकतो का?" उत्तर असं. काही जातीचे शार्क गोड्या पाण्यात, नद्यांमधून बरेच वरपर्यंत येतात, हे खरं आहे. आपली तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे वाट आहे. आता घरी गेल्यावर नकाशा काढ आणि त्या वाटेवर किती धरणं लागतात ते मोज. आणि उन्हाळ्यात त्यांतल्या किती धरणांत पाणी असतं, तेही विचार.